ज्या पाण्याचा त्याच पाण्यात

निपाणीत तवनाप्पाचं नाव काढलं की माणसं इचारत्यात, "कोण, तो तोंडावर देवीचे वण असलेला?" मला ह्याचा लई राग येतो. माणसाला वळखायला दुसरं काय नसतंय व्हय? ह्या माणसानं उभा जन्म तमाखूच्या वखारीत घालवला, पोती हुंगून हुंगून त्याचं नाक झिजलं, पण चिमूटभर तमाखू कधी तोंडात टाकली न्हाय. माझी तमाखू दर साली कोगनोळीहून त्याच्याच वखारीत यायची. माल चांगला असला तर चांगला म्हणायचा, भिजका असला तर सगळ्यांदेखत भिजका म्हणायचा. मित्र हाय, जरा डोळा झाकावा, असलं काय त्याला ठावंच न्हवतं. त्यावरनं आमची कैकदा भांडणं झाली. मी तावातावानं बोलायचो, तो ऐकून घ्यायचा, आणि मग म्हणायचा, "झालं न्हवं बोलून? चल जेवायला."

जेवायला म्हंजे दिवस बुडायच्या आत. तवनाप्पा जैन, आणि नावापुरता जैन न्हवं. दिवस मावळला की घास न्हाय. कांदा, लसूण, बटाटा घरात यायचा न्हाय. पाणी तर फडक्यातनं गाळल्याशिवाय घोटभर घ्यायचा न्हाय. गाळून झालं की ते फडकं उलटं धरायचा, वरनं पाणी ओतायचा, आणि फडक्यात जे काय बारीकसारीक जीव अडकले असतील ते परत आडात सोडायचा. ज्या आडाचं पाणी, त्याच आडात. एकदा मी म्हटलं, "पाणी ते पाणीच की रं, कुठल्या बी आडात सोड." तर म्हणाला, "तुला कुणी उचलून दुसऱ्याच्या घरात टाकलं तर चालंल?" मी म्हटलं, जेवण चांगलं असंल तर चालंल. हसला. पण आड काय बदलला न्हाय.

तर त्या साली, दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या चार-पाच वर्षं आधी, त्याची लेक कमळा बाळंतपणाला माहेरी आलती. चिकोडीकडच्या गावात दिलेली. संगती तिची थोरली पोरगी ब्राह्मी. पाचएक वर्षांची, डोळ्यांत काजळ, बोलायला चुरचुरीत. आज्जीच्या, म्हंजे अक्काताईच्या, पदराला धरून दिवसभर घरात नाचायची. पण आजोबा दारात आला की पळालीच. पहिल्याच दिवशी तवनाप्पानं तिला उचलायला हात पुढं केला, तिनं त्याचं तोंड जवळनं बघितलं, आणि अशी किंचाळली की गल्लीतली माणसं गोळा झाली.

लेकरू हाय, त्याला काय कळतंय, असं सगळी म्हणाली. तवनाप्पा बी तसंच म्हणाला. पण दुसऱ्या दिवसापासनं हा बाबा भिंतीकडं तोंड करून जेवायला लागला. पोरगी समोर असली की खांद्यावरचं उपरणं तोंडाला लावून बसायचा. मी एकदा गेलतो तेव्हा हे बघितलं आणि माझं डोकंच फिरलं. स्वतःच्या घरात चोरासारखं बसतोस व्हय रं, म्हणालो. तो हळू म्हणाला, "तिला भ्या वाटतंय, ज्योतिबा. मग तिचं जेवण व्हत न्हाय." अक्काताई चुलीपाशी डोळे पुसत हुती. मी भाकरी मोडली.

त्यातच त्याचा खोकला वाढला. वखारीतला तमाखूचा खकाणा छातीत बसला हुता. बेळगावच्या डॉक्टरानं सांगितलं, थोडे दिवस समुद्राच्या हवेला जाऊन ऱ्हावा. तवनाप्पाला हे पटंना. माणूस आजारी पडला तर घरात पडावं, समुद्रावर जाऊन काय करायचं? पण अक्काताईनं हट्ट धरला, आणि एकट्याला पाठवायचं न्हाय म्हणून मला गळ घातली. मी तरी कुठं समुद्र बघितलता? तमाखू वखारीत पडली हुती, रान मोकळं हुतं. म्हटलं, चला.

निघायच्या दिवशी ब्राह्मी दाराआड उभी हुती. आजोबा कुठं चाललाय, तिथं काय असतंय, असं आज्जीला खोदून खोदून इचारत हुती. अक्काताई म्हणाली, तिथं शंख असत्यात, मोठा शंख कानाला लावला की आत समुद्र वाजतो. मग ती पोरगी दाराच्या चौकटीकडं बघत, आजोबाकडं न्हवं बरं का, चौकटीकडं बघत म्हणाली, "मला पायजे. मोठ्ठा."

तिनं त्याच्याकडं मागितलेली ही पहिली गोष्ट. तवनाप्पाचं तोंड असं उजळलं की काय सांगू. मोटारीत बसल्यापासनं त्याला दुसरा इषयच न्हाय. खोकल्याची आठवण मलाच करून द्यावी लागायची. कमळा गुढीपाडव्याच्या दुसऱ्या दिवशी पोरांना घेऊन सासरी जायची हुती. पाडव्याच्या आदल्या दिवशी शंख घेऊन घरी पोचायचं, पोरगी आजोबाकडं येणार, पाडवा गोड करायचा, असा त्याचा सगळा बेत. मला मनात वाटायचं, शंखानं कुठं पोरगी येती व्हय? पण बोललो न्हाय. कधीमधी गप बसायचं मला बी कळतंय.

वेंगुर्ल्याला आम्ही एका धर्मशाळेत उतरलो. समुद्र बघून मी तर दगडावर बसूनच ऱ्हायलो. एवढं पाणी, आणि एक तांब्या पिता येत न्हाय, हे काय माझ्या डोक्यात शिरंना. तवनाप्पा सकाळी उठून पाणी गाळायचा, भात-आमटी रांधायचा, आणि मग आम्ही वाळूत हिंडायचो. मी म्हंजे मासे खाणारा माणूस. समुद्रावर येऊन रोज बिनकांद्याची आमटी? दुपारी तो जरा लवंडला की मी खानावळीत जाऊन बांगडा खाऊन यायचो. हात राखेनं घासून, तुळस चावून परत. त्याला वास येत नसंल असं मी धरून चाललो हुतो. ज्याचा जन्म हुंगण्यात गेला त्याला वास येत न्हाय, बघा माझी अक्कल. चौथ्या-पाचव्या दिवशी म्हणाला, "जेवून आलास न्हवं पोटभर? बरं झालं. आमटी थोडीच उरली हुती."

शंख गोळा करायची त्याची एक तऱ्हा हुती. धोतर गुडघ्यापर्यंत वर, हातात पिशवी. माझ्यासारखा माणूस दिसला शंख की टाकला पिशवीत. हा न्हाय. आधी शंख उचलायचा, बोटानं टकटक करायचा, आत फुंकर घालायचा, मग सावलीत ओलं फडकं अंथरून त्यावर ठेवायचा आणि बघत बसायचा. हलला तर परत पाण्यात. न्हाय हलला तरी लगेच उचलायचा न्हाय, आतलं कुणी झोपलं असंल म्हणायचा. मी म्हटलं, अरे हे शंख हायत का पाव्हणे? पण त्याच्यापुढं माझं काय चालणार? समुद्रकाठची पोरं आमच्याभोवती जमून खिदळायची. असं करून थोडे शंख, थोड्या शिंप्या, मूठभर कवड्या जमल्या. सगळ्या बारक्या. पोरीनं तर मोठ्ठा मागितलेला.

मला एक सापडला बी हुता. जरा बरा मोठा, पण समुद्रानं घासून घासून त्याच्या अंगावर बारीक बारीक खळगे पडलेले, आणि दोन ठिकाणी आरपार भोकं. कानाला लावला तर काय वाजायचं न्हाय. तवनाप्पानं तो हातात घेतला, फिरवून बघितला, आणि त्याचं तोंड उतरलं. "असला कसा द्यायचा पोरीला?" म्हणाला. मी बरं म्हणून माझ्या कोटाच्या खिशात टाकला. आमच्या घरी दाराला टेकण लावायला चालला असता.

निघायच्या आदल्या दिवशी त्याला पायजे तसला मिळाला. दोन मुठींएवढा, वरनं चितकबरा, आतनं गुलाबी. त्यानं टकटक केली, फुंकर घातली, फडक्यावर ठेवून बसला. मी एक डुलकी काढून उठलो तरी हा बसलेलाच. हलला न्हाय. कानाला लावला, आणि माझ्या बी कानाला लावला. वाजत हुता. त्या रात्री त्यानं तो शंख उशाला घेतला. खोकल्याची उबळ आली न्हाय, का आलेली त्याला कळली न्हाय, देव जाणे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोटार धरली. उन्हाचा तडाखा, मोटारीत माणसं खचाखच. तवनाप्पानं शंख मांडीवर धरलेला. घाट चढून आंबोलीला मोटार थांबली, इंजनाला पाणी घालायला. आम्ही खाली उतरून झाडाखाली भाकरी सोडणार, तेवढ्यात हा म्हणाला, "ज्योतिबा, शंख जड वाटतोय." मी म्हटलं, हात भरून आला असंल. न्हाय म्हणाला. जर आत कोण असलंच तर सकाळपासनं तहानलं असंल की. आणि तिथल्या विहिरीचं पाणी आणून, चांगलं दुहेरी फडक्यातनं गाळून, त्यानं तांब्यात भरलं आणि शंख त्यात बुडवला.

आता सांगा, समुद्रातल्या जिवाला गाळलेलं गोडं पाणी पाजायचं हे दुसऱ्या कुणाला सुचलं असतं? जीव घेणाऱ्याला न्हाय सुचायचं. जीव जपणाऱ्यालाच सुचणार. थोड्या वेळानं शंखातनं तांबडे पाय बाहेर आले, मग डोळे आले, आणि एक खेकडा तांब्याच्या काठाकडं धडपडायला लागला. शंख अंगावर घेऊनच.

"जीव ऐती," तवनाप्पा म्हणाला. घाबरला की त्याच्या तोंडातनं कानडीच यायचं. जीव हाय, म्हणत हुता. मी वळखलं, पाणी सोसंना त्याला. धावत जाऊन दुकानातनं मीठ आणलं, दुसऱ्या भांड्यात पाणी घेऊन त्यात कालवलं, चाखून बघितलं, अजून टाकलं. उभ्या जन्मात बायकोच्या आमटीचं मीठ कधी बघितलं न्हाय, आणि खेकड्यासाठी खारं पाणी करत बसलो. खेकडा त्यात जरा शांत झाला, पाय आत ओढून बसला.

मोटारीतली माणसं भोवती गोळा झाली. ड्रायव्हर म्हणाला, टाका झुडपात आणि चला. बेळगावच्या टिळकवाडीचे एक वकीलसाहेब हुते, भला माणूस, त्यांनी सुचवलं की इथंच हिरण्यकेशी उगम पावती, तिच्या पाण्यात सोडा, पुण्याचं बी काम होईल. तवनाप्पानं त्यांना हात जोडले, पण मान हलवली. मला कळलंच हा काय म्हणणार ते. त्याच्याजवळ जाऊन सांगितलं, उद्या पाडवा, सणाच्या दिवशी मोटारी बंद. आता मागं फिरलास तर परवाशिवाय घरी जात न्हाईस. परवा कमळा जाणार. आपण पोचायच्या आत गाडी निघून गेली तर ती पोरगी तुला पुढच्या साली दिसंल. आणि बिनशंखाचा जाऊन तिला काय दाखवणार हाईस?

त्यानं फडकं भिजवून भांड्यावर धरलं. डोळ्यांत पाणी आलं हुतं, ते त्यानं लपवलं बी न्हाय. मग म्हणाला, "ज्या पाण्याचा त्याच पाण्यात, ज्योतिबा. तू हो पुढं."

हो पुढं म्हणे. त्याला सोडून मी घरी जाऊन अक्काताईला तोंड दाखवणार हुतो व्हय? लई शिव्या दिल्या त्याला, मनातल्या मनात न्हाय, चांगल्या मोठ्यानं, वकीलसाहेबांसमोर. आणि गाठोडं मोटारीतनं खाली ओढलं. बेळगावाहून वेंगुर्ल्याला जाणारी मोटार आली तशी आम्ही तिच्यात बसलो. मी भांडं धरलेलं, तो त्यावर ओलं फडकं धरून बसलेला. घाट उतरताना खारं पाणी माझ्या धोतरावर सांडत हुतं.

समुद्रावर पोचलो तेव्हा दिवस कलला हुता. जिथनं उचलला हुता तीच जागा त्यानं हुडकली, एका काळ्या खडकाजवळची. शंख पाण्याच्या कडेला ठेवला. खेकडा बाहेर येईना. मी म्हटलं, सोडलास न्हवं, आता चल, दिवस बुडायच्या आत दोन घास खा, सकाळपासनं पोटात काय न्हाय. "तो चालल्याशिवाय न्हाय," म्हणाला. दिवस बुडाला, त्याचं जेवण बुडालं. नुसता उकिडवा बसून बघत ऱ्हायला. शेवटी लाटेनं शंखाला धक्का दिला, आतनं पाय निघाले, आणि खेकडा वाळूवरनं तिरका तिरका चालत पाण्यात गेला. पोरीचा गुलाबी शंख अंगावर घेऊन गेला. तवनाप्पा एकदम हसला. मी बी हसलो. खरं सांगतो, मला त्या घटकेला लई बरं वाटलं, का ते सांगता यायचं न्हाय.

पण मग त्यानं काय करावं? पिशवी उघडली आणि सगळे शंख, शिंप्या, कवड्या पाण्यात ओतून दिल्या. एकात फसलो, दुसऱ्यात कोण असलं तर, म्हणाला. मी कपाळाला हात लावला. मग मला खिशातल्या शंखाची आठवण झाली. तो काढून मी त्याच्या डोळ्यांसमोर धरला. भोकातनं पलीकडचं तांबडं आभाळ दिसत हुतं. म्हटलं, ह्यात कोण ऱ्हाणार सांग. त्यानं लई बारकाईनं बघितलं. मग घेतला आणि फडक्यात बांधला.

पाडवा आमचा धर्मशाळेत झाला, भात-आमटीवर. त्या दिवशी मी बांगडा खाल्ला न्हाय. सण हुता म्हणून न्हवं, तो एकटा जेवला असता म्हणून.

त्याच्या दुसऱ्या दिवशी भल्या पहाटे पहिली मोटार धरली, बेळगावात दुसरी गाठली. निपाणीत गल्लीत वळलो आणि माझा जीव भांड्यात पडला. दारात छकडा उभा हुता, बैल अजून सोडलेलेच. कमळा तान्ह्याला घेऊन ओसरीवर, अक्काताई शिदोरी बांधत हुती, आणि ब्राह्मी नवी परकर-चोळी घालून तयार. आम्हाला बघितल्याबरोबर ती आईच्या मागं गेली. एक डोळा तेवढा बाहेर.

तवनाप्पा ओसरीच्या कडेला गेला, फडकं सोडून तो भोकांचा शंख कट्ट्यावर ठेवला, आणि उपरणं तोंडाला लावून भिंतीकडं तोंड करून बसला. एवढं करून आलेला माणूस, आणि पोरीला सांगायला त्याच्यापाशी शब्द न्हाय. माझं टाळकं सणकलं. मी तिथंच ओसरीवर फतकल मारली आणि म्हटलं, "इकडं ये गं ब्राह्मी, तुझ्या आजोबानं काय केलं ते ऐक." आणि सगळं सांगितलं. गुलाबी शंख कसा हुता, कसा वाजायचा, आंबोलीला त्यातनं पाय कसे निघाले, मी मीठ कसं कालवलं, खेकडा त्याचं घर घेऊन कसा तिरका चालत गेला. मी चालून बी दाखवलं, ह्या वयात. कमळा हसली, मग डोळ्याला पदर लावला. अक्काताईच्या हातातली शिदोरी तशीच ऱ्हायली.

ब्राह्मी आईच्या मागनं कवा बाहेर आली मला कळलंच न्हाय. कट्ट्यापाशी येऊन तिनं शंख उचलला. भोकातनं माझ्याकडं बघितलं. "ह्यात कोण ऱ्हात न्हाय?" तिनं इचारलं. मी म्हटलं, न्हाय, कोण न्हाय. "मग मी घेऊ?"

घे म्हटलं. ती शंखावरनं बोट फिरवत उभी ऱ्हायली. एकेका खळग्यात बोटाचं टोक घालून बघत हुती. मग तशीच चालत गेली, तवनाप्पा आणि भिंत ह्यांच्यामधी जी थोडी जागा हुती तिथं शिरली, आणि त्याच्या तोंडावरचं उपरणं खाली ओढलं. तिनं शंखावर फिरवलेलं तेच बोट त्याच्या गालावर ठेवलं, वणात.

"हे पण समुद्रानं केलं?"

"न्हाय बाळ," तवनाप्पा म्हणाला. "हे देवीनं. मी तुझ्याएवढा असताना."

"दुखतंय?"

"आता न्हाय दुखत."

बैल जुंपायला गाडीवान घाई करायला लागला तशी अक्काताई त्याच्यावर अशी खेकसली की तो जाऊन गाडीखाली आडवाच झाला. कधी मोठ्यानं न बोललेली बाई. माणसं उपाशी आलीत, जेवल्याशिवाय कोण कुठं जात न्हाय, म्हणाली आणि पानं मांडली. तवनाप्पा सवयीनं आपलं ताट उचलून भिंतीकडं तोंड करून बसला. ब्राह्मीनं हे बघितलं. मग आपली बारकी ताटली दोन्ही हातांनी उचलून ती आली, आणि त्याच्या समोर, भिंतीला पाठ लावून जेवायला बसली.